वकिलाला सांगितलेलं गुपित: ते कसं जपायचं, कुठे सुटतं आणि सोडायचंच असेल तर कसं

तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा घेऊन येणारा माणूस सहसा एकटा येत नाही. सोबत चुलत भाऊ असतो, मेहुणा असतो, गावातला एखादा जाणता असतो, आणि ज्याच्या जीपमधून सगळे आले तो ड्रायव्हरसुद्धा आत येऊन बाकावर टेकतो. मग पक्षकार सगळ्यांदेखत बोलायला लागतो. बापानं काय लिहून दिलं होतं, बहिणीची सही कशी घेतली, सावकाराचे किती राहिले. मी मध्येच थांबवून "बाकीच्यांनी जरा बाहेर बसा" म्हणालो की त्याला वाईट वाटतं. "साहेब, हे सगळे आपलेच आहेत, यांच्यापासून काय लपवायचं?"

लपवायचं काही नसतं. पण त्या खोलीत बोललेल्या शब्दांना कायद्यानं एक संरक्षण दिलेलं आहे. ते संरक्षण पक्षकाराचं आहे, वकिलाचं नाही. मराठवाड्यातल्या दिवाणी कोर्टांत वकिली करताना माझ्या हे ध्यानात आलं आहे की ते कोर्टात फार क्वचित जातं. जातं ते घरी, मोबाईलवर, झेरॉक्सच्या दुकानात, आणि जातं पक्षकाराच्याच हातून. पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी आणि नुकती सनद घेतलेल्या ज्युनिअर मुलामुलींसाठी हा लेख लिहितो आहे. यातली उदाहरणं रचलेली आहेत. खऱ्या पक्षकाराची गोष्ट नाव गाळूनही सांगणं या विषयावरच्या लेखात तरी मला शोभणार नाही.

आधी कायदा नेमका काय झाकतो ते पाहा

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू आहे. त्यातली कलमं 132, 133 आणि 134 आपल्या कामाची. तुमच्या दाव्याचं काम त्या तारखेआधीपासून चालू असेल तर 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातली 126 ते 129 ही कलमं पाहावी लागतात. मजकूर जवळपास तोच आहे.

कलम 132 वकिलाचं तोंड बांधतं. वकिलीच्या कामात आणि त्या कामासाठी तुम्ही त्याला जे सांगितलं, त्या ओघात त्यानं जे कागद वाचले, त्यानं जो सल्ला दिला, त्यातलं काहीही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करू शकत नाही. काम संपलं, वकीलपत्र काढून घेतलं, तरी हे बंधन संपत नाही. कलम 134 तुमच्यासाठी आहे: वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं कोर्टाला सांगण्याची तुमच्यावर सक्ती करता येत नाही. याला एक अपवाद आहे. तो साक्षीच्या वेळी येतो, म्हणून तिथंच सांगतो.

नवख्या माणसाची पहिली गफलत इथं होते. झाकलं जातं ते वकिलाशी झालेलं बोलणं, घडलेली गोष्ट नव्हे. समजा, 1998 साली वडिलांनी तोंडी वाटणी करून दिली आणि तुम्ही ते वकिलाला सांगितलं. "तुम्ही वकिलाला काय सांगितलं?" हे समोरच्या वकिलाला विचारता येणार नाही. "1998 साली तोंडी वाटणी झाली होती का?" हे मात्र तो खुशाल विचारेल, आणि शपथेवर खरं उत्तर द्यावंच लागेल. वकिलाच्या कानात घातली म्हणून गोष्ट पुसली जात नाही.

कागदांचंही तसंच. सातबारा, फेरफार, इसारपावती, खासरा पत्रकाची नक्कल हे कागद वकिलाच्या कपाटात नेऊन ठेवले म्हणून गुप्त होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात हे स्वच्छ सांगितलं. तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स काढण्याबद्दलचं ते प्रकरण न्यायालयानं स्वतःहून हाती घेतलं होतं. पक्षकाराचा जो कागद वकिलाच्या ताब्यात आहे, तो हजर करण्याला कलम 132 आड येत नाही, मग खटला दिवाणी असो की फौजदारी. झाकलं जातं ते तुम्ही वकिलासाठी लिहून काढलेलं टिपण, वकिलाचं उत्तर, त्याचं मत, दाव्याचा कच्चा मसुदा.

आणि लबाडीला हे संरक्षण नाही. कायद्यातच उदाहरणं दिली आहेत. "मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा" असं पक्षकार म्हणाला तर ते झाकलेलं राहतं, कारण गुन्हेगाराचा बचाव करणं बेकायदा नाही. "या खोट्या दस्ताच्या जोरावर मला जमिनीचा ताबा घ्यायचाय, दावा लावा" असं म्हणाला तर त्या शब्दांना संरक्षण नाही. तसंच वकील काम पाहत असतानाच हिशोबाच्या वहीत एखादी नवी नोंद घुसडलेली त्याच्या नजरेला पडली, तर तेही झाकलं जात नाही.

मग कोणाशी बोलता आहात ते पाहा

वकील, त्याच्याकडे काम करणारे ज्युनिअर वकील, त्याचा कारकून, त्यानं बसवलेला दुभाषा, या सगळ्यांना तेच बंधन आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळालेल्या वकिलालाही अगदी तेवढंच. हे मुद्दाम सांगतो, कारण माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या कितीतरी बायका "सरकारी वकील आहे, सगळं भावाला कळेल" या भीतीनं गप्प बसतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तो वकील तिचाच असतो.

दुभाष्याचा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इनामाचे मुंतखब, जुने महसुली कागद उर्दूत. घरात कोणाला वाचता येत नाही. मग लोक काय करतात? कागद घेऊन उर्दू जाणणाऱ्या एखाद्या वयस्कर गृहस्थाकडे जातात, आणि कागद वाचून घेता घेता सगळा दावा त्यांच्यापुढे मांडतात. माणूस भला असतो, पण कायद्याच्या दृष्टीनं तो कोणीच नाही. उद्या समोरच्यानं त्याला समन्स काढलं तर त्याला सांगावं लागेल. तोच कागद वकिलाकडे द्या, वाचणारा माणूस वकिलाला बोलावू द्या, आणि जे बोलायचं ते वकिलाच्या समोर, त्याच्या कामासाठी बोला.

कोर्टाबाहेर टेबल मांडून बसणारा अर्जनवीस, मुद्रांक विक्रेता, तलाठी, जमिनीचा दलाल, सी.ए., यांच्याशी झालेलं बोलणं या कलमात बसत नाही. साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती यांच्या पदाधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पगारावर नेमलेला विधी अधिकारी हा वकिली करणारा वकील मानला जात नाही, त्यामुळे त्याच्याशी झालेल्या बोलण्याला कलम 132 चं संरक्षण नाही, असं वर सांगितलेल्या निकालातच म्हटलं आहे. संस्थेचा दावा असेल तर नाजूक मत बाहेरच्या वकिलाकडून घ्यावं.

खोलीत कोण आहे ते मोजा

वकिलाच्या खोलीत शिरताना सोबतच्यांना बाहेर चहा पाजा. कोणावर अविश्वास म्हणून नव्हे. तुमच्यासोबत आत बसलेल्या मेहुण्यावर कलम 132 चं कसलंही बंधन नाही. आज तो तुमच्या बाजूनं आहे. दिवाणी दावा दहा-दहा वर्षं चालतो आणि तेवढ्या काळात सोयरिकी बदलतात. फोनवर बोलताना स्पीकर बंद ठेवा. एसटीत बसून वकिलाला फोन लावू नका.

म्हातारे आईवडील असतील, ऐकायला कमी येत असेल, तर मदतीला एक माणूस लागतोच. अशा वेळी वकिलालाच विचारा की कोणाला बसवायचं, आणि तो माणूस कशासाठी बसला आहे याची एक ओळ वकिलाच्या टिपणात असू द्या. वाटणीत ज्याचा हिस्सा गुंतलेला आहे त्याला शक्यतो बसवू नका.

दोन भावांनी मिळून एकच वकील दिला असेल तर त्या कामापुरतं एकमेकांपासून काही लपवता येईल ही आशा सोडा. उद्या दोघांत फाटलं की एकानं वकिलाला सांगितलेलं दुसऱ्याविरुद्ध झाकून ठेवणं फार अवघड जातं, आणि त्या वकिलाला तर दोघांचंही काम सोडण्याची पाळी येते. हितसंबंध वेगळे आहेत अशी पुसटशी जरी शंका असली तरी पहिल्या दिवसापासून वेगळा वकील करा. फी दुप्पट वाटते, पण पुढची डोकेदुखी पाहता ती स्वस्त आहे.

मोबाईल

आजकाल सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. वकिलानं व्हॉट्सअॅपवर लिहिलं: "आपली बाजू ताब्याच्या मुद्द्यावर कमजोर आहे, तडजोड झाली तर बरं." पक्षकारानं तो मेसेज भावकीच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांना समजावं म्हणून. त्या ग्रुपमध्ये चुलत्याचा मुलगा आहे. त्याचा बाप दाव्यात प्रतिवादी क्रमांक 3 आहे.

आता काय होतं ते नीट समजून घ्या. कलम 132 वकिलाला आणि त्याच्या माणसांना अडवतं. कलम 134 तुमच्यावर होणारी सक्ती अडवतं. चुलत्याच्या मुलाला अडवणारं त्यात काही नाही. तो स्क्रीनशॉट काढेल, कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडेल आणि दाखल करेल. पुरावा कसा हाती लागला यापेक्षा तो मुद्द्याला धरून आहे का, हे आपल्याकडची कोर्टं पाहत आली आहेत. हरकत घेता येते आणि घ्यावीच, पण तिच्या भरवशावर बसू नका.

म्हणून वकिलाचा मेसेज पुढे पाठवू नका. घरच्यांना कळवायचंच असेल तर "पुढची तारीख अमुक, साक्षीचं काम आहे" एवढंच स्वतःच्या शब्दांत कळवा. वकिलाशी बोलायला शक्य तर वेगळा नंबर किंवा वेगळा ईमेल ठेवा. ज्या मोबाईलवर लेकरं दिवसभर खेळतात तो नको. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या कॉम्प्युटरवर वकिलाचं पत्र उघडून तसंच सोडून येऊ नका. झेरॉक्सच्या दुकानात मेसेज पाठवून प्रिंट काढलीत तर दुकानदाराच्या मोबाईलमधून तो पुसून घ्या.

फाईल दोन ठेवा

एका फाईलमध्ये पुराव्याचे कागद. दुसऱ्या फाईलमध्ये वकिलाशी झालेला पत्रव्यवहार, टिपणं, मसुदे. दुसरीवर ठळक लिहा: "वकिलाशी गोपनीय". शिक्का मारला म्हणून कागद आपोआप संरक्षित होत नाही, पण गडबडीत हात चुकीच्या फाईलमध्ये जात नाही, आणि तुम्ही तो कागद पहिल्यापासून गुप्त मानत होता हे पुढे दाखवता येतं.

दाव्यासोबत कागदांची यादी द्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 7 नियम 14 वादीला लागू, आदेश 8 नियम 1अ प्रतिवादीला. ही यादी बहुधा ज्युनिअर किंवा कारकून घाईघाईत करतो. ज्युनिअर मित्रांनो, यादीतला प्रत्येक कागद पालथा घालून पाहा. सातबाऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सीनियरनं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, "1987 चा फेरफार आपल्या विरुद्ध". पुढच्या बाजूची झेरॉक्स गेली तर ठीक, मूळ कागद गेला तर ते वाक्य रेकॉर्डवर गेलं.

कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) किंवा शपथपत्रात वकिलाच्या सल्ल्याचं नाव काढू नका

एक वाक्य पाहा: "सदर इसारपावतीबाबत मी माझ्या वकिलांचा सल्ला घेतला असता त्यांनी ती कायदेशीर असल्याचे सांगितले, म्हणून मी उर्वरित रक्कम अदा केली." वाचायला भारदस्त वाटतं. पण या एका वाक्यानं तुम्ही तो सल्ला स्वतःहून कोर्टापुढे आणला. आता समोरचा विचारणारच की सल्ला कधी घेतला, काय कागद दाखवले, आणखी काय सांगितलं होतं. "मी उर्वरित रक्कम अदा केली" एवढं पुरेसं होतं.

कैफियतीत किंवा शपथपत्रात एखाद्या कागदाचा उल्लेख आला तर आदेश 11 नियम 15 प्रमाणे समोरचा तो पाहायला मागू शकतो. दाखवला नाही तर तो कागद पुढे तुम्हाला तुमच्या बाजूनं वापरणं अवघड होऊन बसतं. म्हणून वकिलाच्या पत्राचा उल्लेख करायचा की नाही, हे वाक्य लिहिण्याआधी ठरवा.

समोरच्याची नोटीस आली तर

आदेश 11 खाली दोन गोष्टी येऊ शकतात. एक, कोर्टाच्या परवानगीनं पाठवलेली लेखी प्रश्नावली. तिचं उत्तर शपथपत्रावर 10 दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत द्यायचं असतं, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर वकिलाशी झालेल्या बोलण्यात हात घालतं त्याला त्याच शपथपत्रात हरकत घेता येते. दुसरी, कागदपत्रं उघड करण्याचा आदेश. इथं लोक चूक करतात: गुप्त कागदाचा उल्लेखच टाळतात. तसं करू नका. कागद आहे हे सांगायचं आणि हजर करायला हरकत आहे हेही सांगायचं. संहितेच्या परिशिष्टातल्या शपथपत्राच्या नमुन्यात त्यासाठी वेगळा भागच आहे. कागदाची तारीख, कोणी कोणाला लिहिला आणि "पक्षकार व वकील यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहार" एवढं वर्णन पुरतं. आतला मजकूर लिहायचा नाही.

हरकत खरी की खोटी हे ठरवण्यासाठी न्यायाधीश तो कागद स्वतः पाहू शकतात. आदेश 11 नियम 19 मध्ये तशी तरतूद आहे. त्याला घाबरू नका, समोरच्याला तो दिसत नाही. नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर मात्र नियम 21 खाली दावा निकाली निघू शकतो किंवा बचाव खोडला जाऊ शकतो. हरकत घ्यायची ती वेळेत आणि लेखी.

साक्षीच्या पिंजऱ्यात

इथं सावकाश वाचा, कारण दोन कलमं एकमेकांना छेद देतात असं वरवर वाटतं.

कलम 133 म्हणतं: तुम्ही साक्ष दिली म्हणून तुमच्या वकिलाला बोलायची संमती दिली असं धरलं जाणार नाही. अगदी तुम्ही स्वतः वकिलाला साक्षीदार म्हणून बोलावलंत तरीही संमती तेवढ्याच बाबीपुरती, जिच्यावर तुम्ही त्याला प्रश्न विचारलात. म्हणजे वकिलाचं कुलूप तुमच्या साक्षीनं उघडत नाही.

कलम 134 म्हणतं: तुम्ही स्वतः साक्षीला उभे राहिलात तर, तुम्ही दिलेल्या साक्षीचा उलगडा होण्यासाठी कोर्टाला आवश्यक वाटेल तेवढं वकिलाशी झालेलं बोलणं उघड करायला तुम्हाला भाग पाडता येतं, त्याहून जास्त नाही. म्हणजे तुमचं कुलूप तुमच्या साक्षीनं थोडं किलकिलं होतं. किती, ते तुम्ही सरतपासाच्या (म्हणजे उलटतपासाआधी आपल्याच बाजूनं दिलेल्या साक्षीच्या) शपथपत्रात काय बोललात यावर ठरतं.

"मग साक्षच देत नाही" हा उपाय नाही. पक्षकार स्वतः पिंजऱ्यात आला नाही तर त्याची बाजू खरी नाही असा निष्कर्ष कोर्ट काढू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1999 साली विद्याधर विरुद्ध माणिकराव या निकालात सांगितलं आहे. साक्ष द्यायची, पण शपथपत्र स्वच्छ ठेवून.

आपल्या कोर्टांत उलटतपास बहुधा असा सुरू होतो:

"शपथपत्र कोणी तयार केलं?"
"वकीलसाहेबांनी."
"त्यातला मजकूर तुम्ही सांगितला का?"
"नाही, त्यांनीच लिहिला. मी सही केली."

हे उत्तर साक्षीदार घाबरून देतो, आणि सगळं शपथपत्र संशयात सापडतं. पुढचा प्रश्न येतो: "मग तुम्ही वकिलांना काय सांगितलं होतं?" म्हणून साक्षीच्या आदल्या दिवशी वकिलाकडे बसून शपथपत्र ओळीनं वाचून घ्या. जे तुमच्या माहितीतलं नाही ते काढायला लावा. मग उत्तर खरंच असं देता येतं: "मी हकीकत सांगितली, त्यांनी टाईप करून घेतली, मी वाचून सही केली." इथं थांबायचं. काय हकीकत सांगितली, वकील काय म्हणाले, हे आपणहून बोलायचं नाही.

वकिलाशी झालेल्या बोलण्याबद्दल प्रश्न आला की दोन श्वास गप्प राहा. तेवढ्यात तुमचा वकील उठून हरकत घेईल. त्यानं घेतली नाही तर तुम्ही स्वतः न्यायाधीशांना हात जोडून म्हणू शकता, "साहेब, हे माझं आणि वकिलांचं बोलणं आहे, मला सांगायचं नाही." संरक्षण तुमचं आहे, त्यामुळे ते मागायचा अधिकारही तुमचाच. कोर्टानं उत्तर द्यायला सांगितलं तर द्यावं लागेल, पण विचारलं तेवढंच. ज्युनिअरनं हरकत नोंदवून घ्यावी, ती नोंद अपिलात लागते.

ज्युनिअर मित्रांना आणखी एक. पिंजऱ्यात जाताना पक्षकाराच्या हातात तुमचं टिपण देऊ नका. त्यानं साक्ष देताना ते उघडून पाहिलं की समोरचा ते पाहायला मागणार.

वकिलावर ठपका ठेवण्याआधी विचार करा

एकतर्फी हुकूमनामा झाला की तो रद्द करण्याच्या अर्जात, किंवा अपिलाला उशीर झाला की विलंब माफीच्या अर्जात, एक वाक्य सर्रास लिहिलं जातं: "माझ्या वकिलांनी मला तारीख कळवली नाही." तडजोड मोडायची असेल तर: "वकिलांनी मला न विचारता पुरशीस दिली." (पुरशीस म्हणजे कोर्टात दिलेलं लेखी निवेदन.) कधीकधी ते शंभर टक्के खरं असतं आणि लिहिलंच पाहिजे. पण त्या अर्जावर तुम्ही शपथ घेता आणि साक्ष देता. मग वकिलानं तुम्हाला काय कळवलं होतं, तुम्ही काय उत्तर दिलं होतं, हेच वादाचा विषय होतं, आणि कलम 134 चा तो अपवाद नेमका तिथं लागतो.

ऑस्ट्रेलियात हाच विषय क्लायंट लीगल प्रिव्हिलेज या नावानं ओळखला जातो. तिथल्या हाय कोर्टानं (तिकडे तेच सर्वोच्च न्यायालय) 1999 साली मॅन विरुद्ध कार्नेल या खटल्यात कसोटी घालून दिली: पक्षकाराचं वागणं गुप्तता राखण्याशी विसंगत आहे का? तिथल्या 1995 च्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम 122 मध्येही विसंगत वागण्याचाच विचार आहे. आपल्या कायद्यात ही कसोटी अशा शब्दांत लिहिलेली नाही. तरी अर्जावर सही करण्याआधी स्वतःला विचारायला हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. सल्ल्याचा सोयीचा अर्धा भाग कोर्टाला दाखवून उरलेला झाकून ठेवता येईल या भ्रमात राहू नका.

म्हणून ठपका ठेवण्याआधी नव्या वकिलाला जुने सगळे मेसेज, पत्रं, फोनच्या नोंदी दाखवा. "तारीख कळवली नाही" असं लिहायचं आणि जुन्या मोबाईलमध्ये "उद्या 11 वाजता या" असा मेसेज सापडायचा, याइतकं वाईट दुसरं नाही.

मुद्दाम सोडायचं असेल तर

काही वेळा हे संरक्षण, म्हणजे प्रिव्हिलेज, सोडणं फायद्याचं असतं. कायद्याच्या भाषेत याला अधित्याग म्हणतात. उदाहरणार्थ, म्हाताऱ्या आईनं मृत्युपत्र करताना तिची बुद्धी शाबूत होती की नाही हा वाद आहे, आणि तुमच्या कामासाठी तुम्ही दिलेल्या वकिलानं तो सगळा प्रसंग पाहिला आहे. त्याची साक्ष निर्णायक ठरू शकते. अशा वेळी या क्रमानं जा.

आधी दुसऱ्या वकिलाचं मत घ्या. जो साक्षीदार होणार आहे त्यानं त्या कामात वकील म्हणून उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे, त्यामुळे दुसरा वकील लागणारच. मग त्या विषयाशी संबंधित सगळी कागदपत्रं एकत्र काढून वाचा, फक्त सोयीची नव्हे. त्यानंतर लेखी संमती द्या, आणि ती नेमकी असू द्या. मी साधारण असा मजकूर सुचवतो:

"मी, दाव्यातील वादी, माझे वकील यांना दिनांक अमुक रोजी त्यांच्या कार्यालयात झालेल्या भेटीत मृत्युपत्राच्या मसुद्याबाबत झालेले बोलणे न्यायालयात उघड करण्यास स्पष्ट संमती देत आहे. ही संमती फक्त वरील भेट व वरील विषयापुरती आहे. इतर कोणत्याही पत्रव्यवहाराबाबत किंवा सल्ल्याबाबत संमती दिलेली नाही."

ही संमती पुरशीशीसोबत रेकॉर्डवर ठेवा. सरतपासात वकिलाला त्याच भेटीबद्दल प्रश्न विचारा. कलम 133 मुळे तुमच्या प्रश्नांची रेषा हीच संमतीची रेषा होते, म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहून घ्या. एक प्रश्न जास्त विचारलात तर तेवढा दरवाजा जास्त उघडतो.

तडजोडीची बोलणी हा वेगळा विषय. "ही बोलणी पुराव्यात येणार नाहीत" अशा स्पष्ट अटीवर केलेली कबुली दिवाणी दाव्यात कलम 21 प्रमाणे झाकली जाते. गावातल्या बैठकीत बोलतानाही ती अट लिहून घ्यावी.

चुकून सुटलं तर

त्याच दिवशी हालचाल करा. मेसेज चुकीच्या माणसाला गेला असेल तर डिलीट करा आणि त्याला लगेच लिहा की हा वकिलाशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार आहे, चुकून आला आहे, वाचू नका, पुढे पाठवू नका, पुसून टाका. पहिला फोन वकिलाला करा, भावकीला नंतर. कागद कोर्टात दाखल झाला असेल तर तो निशाणी होण्याआधी, म्हणजे पुरावा म्हणून त्याला नंबर पडण्याआधी, अर्ज द्या. अग्राह्य कागद कोणत्याही टप्प्यावर नाकारण्याचा अधिकार कोर्टाला आदेश 13 नियम 3 मध्ये आहे. कागदाला निशाणी लागेपर्यंत गप्प बसलात तर पुढे "आमची हरकत होती" म्हणायला तोंड राहत नाही.

समोरच्याचा असा कागद तुमच्या हाती आला तर? मी ज्युनिअरला सांगतो की पहिल्या दोन ओळींत ओळख पटली की वाचणं थांबव, सीनियरला दाखव, आणि परत कर. त्याचा उपयोग करता आला असता असं वाटेल. तरी परत कर.

वकील बदलताना

जुन्या वकिलाकडून ना-हरकत घ्या आणि फाईल पूर्ण मोजून घ्या. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. फीचा वाद वेगळा मांडावा. दुसरी फाईल, म्हणजे "वकिलाशी गोपनीय" लिहिलेली, वेगळ्या पिशवीत स्वतः घेऊन जा, कोणाच्या हाती पाठवू नका. जुन्या वकिलाच्या कार्यालयानं केलेला व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्यात कोण कोण आहे ते पाहून त्यातून बाहेर पडा, आणि त्याआधी त्यातला सगळा मजकूर स्वतःकडे उतरवून घ्या, कारण तुम्हाला काय कळवलं गेलं होतं हे दाखवायची वेळ आली तर तोच कागद लागेल.